कोठार भरलेले, चावी कोणाकडे?

एकादशीला साबुदाण्याची खिचडी ताटात वाढून घेताना ब्राझील देशाची आठवण कोणाला होत असेल, असे वाटत नाही. होण्याचे कारणही नाही. पण खिचडीतला एकेक जिन्नस बाजूला काढून त्याचे मूळ गाव विचारले, तर मोठी गंमत होते. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाचा कंद, म्हणजेच कसावा, पहिल्यांदा लागवडीखाली आणला तो ॲमेझॉनच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या आदिवासींनी, आजच्या ब्राझीलच्या हद्दीत. 'टॅपिओका' हा शब्दही त्यांच्याच तुपी भाषेतला. शेंगदाणा शेजारच्या बोलिव्हिया-अर्जेंटिनाकडचा, बटाटा अँडीज पर्वतातला आणि मिरची मेक्सिकोकडची. आजी-पणजीने उपासाला चालते म्हणून पवित्र मानलेले हे ताट निम्मी पृथ्वी ओलांडून आले आहे. तूप तेवढे घरचे!

काजूचेही तेच. तुपी भाषेतल्या 'अकाजू'चे पोर्तुगीजांनी 'काजू' केले, रोप जहाजात घालून गोव्याला आणले आणि तिथून ते कोकणात आणि घाटाच्या अलीकडे-पलीकडे पसरले. चंदगड-खानापूरच्या वाचकांना काजूचे कौतुक मी काय सांगावे! अननस हा शब्दही तिथल्याच आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. गंमत म्हणजे ब्राझीलमध्ये आज अननसाला सर्रास अननस म्हणत नाहीत, 'अबाकाशी' म्हणतात. त्यांचा जुना शब्द आपण सांभाळून ठेवला आहे.

शाळेत 'कॉफीचा देश कोणता?' या एका गुणाच्या प्रश्नापुरता मला ब्राझील ठाऊक होता. पुढे पेले आणि फुटबॉलमुळे त्याचे नाव कानावर पडत राहिले. पण या देशाबद्दल जसजसे वाचत गेलो, तसतसा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. इतकी जमीन, इतके पाणी, इतके जंगल, इतके धान्य असलेल्या घरात माणसे उपाशी का राहिली? कोठार भरलेले आहे, मग त्याची चावी कोणाच्या कनवटीला? आजच्या लेखात ब्राझीलची ओळख या प्रश्नाच्या वाटेनेच करून घेऊ.

अवाढव्य घर

आधी घराचा आकार पाहू. क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर. आपल्या भारतासारखे अडीच देश त्यात सहज मावतील. जगात पाचवा क्रमांक. दक्षिण अमेरिका खंडाचा जवळपास निम्मा भाग एकट्या ब्राझीलने व्यापला आहे. चिली आणि इक्वेडोर हे दोन सोडले, तर खंडातल्या इतर सर्व देशांशी त्याची सीमा भिडते. एवढ्या जागेत २०२२ च्या जनगणनेनुसार माणसे किती? २० कोटी ३० लाख. म्हणजे उत्तर प्रदेशाच्या लोकसंख्येहूनही कमी. त्यातही बहुतेक वस्ती पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्याजवळ गोळा झालेली.

उत्तरेकडून विषुववृत्त जाते. मकापा शहरातल्या फुटबॉल मैदानाची मधली रेषा विषुववृत्तावरच आखली आहे, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. एक संघ उत्तर गोलार्धात, दुसरा दक्षिण गोलार्धात! मकरवृत्त साओ पावलो शहराजवळून जाते. देशाचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू आपल्या उलटे. आपण डिसेंबरात शेकोटीजवळ बसतो तेव्हा रिओच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याची गर्दी असते, आणि जूनमध्ये आपल्याकडे पेरण्या चालू असताना अगदी दक्षिणेकडच्या डोंगरांवर दहिवर गोठते.

या घराचे ढोबळ चार सोपे करता येतील. उत्तरेला ॲमेझॉनचे खोरे. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे गोडे पाणी ओततात, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटी ॲमेझॉन ओतते. समुद्रातली मोठी जहाजे या नदीतून सुमारे दीड हजार किलोमीटर आत, मनाऊस शहरापर्यंत जातात. तिथे काळ्या पाण्याची रिओ नेग्रो आणि गढूळ पाण्याची सोलिमोइस यांचा संगम होतो. दोन्ही पाणी पाच-सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत राहते. नदी एवढी रुंद आणि तिचे काठ एवढे बदलते, की ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहावर आजतागायत पूल नाही. काठावरची घरे उंच खांबांवर बांधलेली असतात, कारण पावसाळी पाणी दहा-दहा मीटर चढते. मुले शाळेत होडीने जातात.

दुसरा सोपा ईशान्येचा, पार उलट तऱ्हेचा. याला 'सेर्ताव' म्हणतात. काटेरी झुडपे, भेगाळलेली जमीन, लहरी पाऊस. उन्हाळ्यात पाने झडून रान पांढुरके दिसते, म्हणून आदिवासींनी त्याला 'कातिंगा', म्हणजे पांढरे रान, असे नाव दिले. माणदेश किंवा विजापूरकडचा मुलूख पाहिलेल्याला सेर्ताव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरा सोपा मधल्या पठाराचा, 'सेराडो' नावाचा. खुरट्या वाकड्या झाडांचा आणि गवताचा माळ. याच माळावर १९५६ नंतर अवघ्या चार वर्षांत नवी राजधानी ब्राझिलिया उभी राहिली. अध्यक्ष कुबिचेक यांनी ठरवले, लुसिओ कोस्टा यांनी आराखडा आखला, ऑस्कर निमायर यांनी इमारती घडवल्या आणि २१ एप्रिल १९६० रोजी रिओतली राजधानी तिकडे हलली. किनाऱ्याला चिकटून बसलेला देश आत सरकवावा, हा हेतू. सेराडोच्या पश्चिमेला पांतानाल नावाची प्रचंड पाणथळ जागा आहे. आणि चौथा सोपा दक्षिणेचा व आग्नेयेचा. इथे साओ पावलो, रिओ, कारखाने, कॉफीचे मळे, ऊस आणि देशातला बहुतेक पैसा.

लाकूड, साखर, सोने, कॉफी

आता घराचे मालक. पेद्रो काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी २२ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. तो निघाला होता कुठे? आपल्या कालिकतला. वास्को द गामा दोन वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, त्याच वाटेवर काब्राल अटलांटिकमध्ये फार पश्चिमेला गेला आणि जमीन दिसली. थोडे दिवस थांबून तो पुढे कालिकतला गेलाच. ब्राझीलच्या पोर्तुगीज इतिहासाचे पहिले पान असे भारताच्या वाटेवर लिहिले गेले.

नावाचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे रंगासाठी आणि औषधासाठी वापरतात त्या पतंगाच्या लाकडाला युरोपातले व्यापारी 'ब्राझील' लाकूड म्हणत. तसेच तांबडा रंग देणारे झाड या नव्या किनाऱ्यावर सापडले. म्हणून झाडाला तेच नाव, आणि झाडावरून देशाला. ते झाड एवढे तोडले गेले, की आज ते दुर्मीळ झाले आहे. देशाला ज्याचे नाव, तेच संपत आले. पुढे काय होणार याची ही नांदीच म्हणायची.

लाकडानंतर ऊस आला. ऊस मूळचा आपल्या बाजूचा. पोर्तुगीज भाषेतला साखरेचा 'असुकार' हा शब्द फिरत फिरत आपल्या 'शर्करा'पासूनच गेलेला. काजू तिकडून इकडे आला, ऊस इकडून तिकडे गेला. पण उसाबरोबर तिथे जे गेले ते भयंकर होते. ईशान्य किनाऱ्यावर उसाचे प्रचंड मळे उभे राहिले आणि त्यात राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. तीनशे-साडेतीनशे वर्षांत सुमारे ४८ लाख माणसे साखळदंडात ब्राझीलच्या बंदरांवर उतरवली गेली. अमेरिका खंडांतल्या दुसऱ्या कोणत्याही देशात इतके गुलाम गेले नाहीत. वाटेत जहाजात मेले ते वेगळेच.

साखरेनंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइस भागात सोने सापडले. नंतर कॉफी आली. नंतर रबर. प्रत्येक वेळी एकच माल, त्याच्या मागे सारा देश, नफा मूठभरांचा आणि मागणी विदेशी. रबराच्या भराच्या काळात जंगलातल्या मनाऊसमध्ये १८९६ साली युरोपी थाटाचे भव्य नाट्यगृह उभे राहिले. पण त्याआधी वीस वर्षे, १८७६ साली, हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने रबराच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनला नेल्या होत्या. त्यांतून श्रीलंका-मलायात मळे उभे राहिले आणि १९१२ च्या सुमारास ब्राझीलचे रबर बसले. नाट्यगृह राहिले, पैसा गेला.

मध्येच एक प्रकरण आपल्या गोवेकर वाचकांसाठी. नेपोलियनच्या सैन्याच्या भीतीने पोर्तुगालचे राजघराणे १८०७ च्या अखेरीस लिस्बन सोडून निघाले आणि १८०८ साली रिओत येऊन राहिले. १८२१ पर्यंत पोर्तुगीज साम्राज्याची गादी तिथेच होती. म्हणजे ही तेरा वर्षे गोव्याचा राजा लिस्बनला नव्हता, रिओ दि जानेरोला होता. राजा परत गेला, मुलगा पेद्रो मागे राहिला आणि त्यानेच ७ सप्टेंबर १८२२ रोजी ब्राझीलचे स्वातंत्र्य पुकारले. गोव्याला मात्र त्यानंतर १३९ वर्षे वाट पाहावी लागली.

दोन कायदे

ब्राझीलच्या इतिहासातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वर्ष १५०० नाही, १८२२ ही नाही. ते आहे १८५०. त्या वर्षी दोन कायदे झाले. एका कायद्याने आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार बंद करण्यात आला. दुसऱ्या कायद्याने ठरवले, की सरकारी पडीक जमीन यापुढे फक्त विकत घेऊनच मिळेल, कसून किंवा वहिवाटीने नाही. दोन्ही एकत्र वाचा म्हणजे उलगडा होतो. उद्या गुलामी संपली, तरी सुटलेल्या माणसाला मोकळ्या रानात जाऊन नांगर धरता येणार नाही. त्याला मळेवाल्याच्या दारातच मजुरीसाठी उभे राहावे लागेल.

तसेच झाले. १३ मे १८८८ रोजी राजकन्या इसाबेलने गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना घर, ना शाळा. पुढच्या वर्षी राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, पण जमीन जिथल्या तिथे राहिली. २०१७ च्या कृषी गणनेनुसार एक हजार हेक्टरांहून मोठ्या जमिनी असलेले खातेदार एकूण खातेदारांत सुमारे एक टक्का, आणि त्यांच्याकडची जमीन शेतीखालच्या एकूण क्षेत्राच्या ४७ टक्क्यांहून जास्त. आपल्या सातबाऱ्यावर गुंठ्यांचे हिशेब करणाऱ्यांना हा आकडा पचायला वेळ लागेल.

चावीचा प्रश्न मी वर काढला तो यामुळे. 'चावी' हा आपला शब्दही पोर्तुगीज, 'शावे'चा. आज ब्राझीलमध्ये त्याचा उच्चार 'शावी' असा होतो. आणि आपला 'पगार' हा शब्द तिथे 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. चावी एकाकडे आणि पगार वेळेवर नाही, ही दोन शब्दांची कहाणी तिथल्या शेतमजुराने नक्की ओळखली असती.

भूमिहीनांची मोठी चळवळ १९८४ साली उभी राहिली. पडीक ठेवलेल्या जमिनीवर कुटुंबांसह राहायला जायचे आणि सरकारकडे ती मागायची, ही तिची रीत. १९८८ च्या राज्यघटनेने जमिनीचा उपयोग समाजासाठी झाला पाहिजे असे म्हटले आहे, त्याचा आधार. काही लाख कुटुंबांना अशा धडपडीतून जमीन मिळाली. रक्तही सांडले. १७ एप्रिल १९९६ रोजी पारा राज्यात मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात १९ शेतमजूर ठार झाले.

माणसे

ब्राझीलमधली माणसे कशी दिसतात, या प्रश्नाला उत्तर नाही. सगळ्यांसारखी दिसतात. आदिवासी, पोर्तुगीज आणि आफ्रिकी हे तीन मूळ धागे. गुलामगिरी संपत आल्यावर कॉफीच्या मळ्यांवर लाखो इटालियन आले. दक्षिणेत जर्मन, शहरांत लेबनॉन-सीरियाचे व्यापारी. १९०८ साली 'कासातो मारू' या जहाजातून ७८१ जपानी उतरले. जपानबाहेर जपानी वंशाची सर्वांत मोठी वस्ती आज ब्राझीलमध्ये आहे.

जनगणनेत वर्ण विचारतात आणि प्रत्येकाने स्वतःच सांगायचा असतो. २०२२ मध्ये ४५ टक्के लोकांनी स्वतःला मिश्र, साडेत्रेचाळीस टक्क्यांनी गोरे आणि दहा टक्क्यांनी काळे सांगितले. मिश्र लोक गोऱ्यांहून जास्त, असे अलीकडच्या काळात पहिल्यांदाच घडले. सगळे मिसळले म्हणजे भेद संपला, असे मात्र नाही. झोपडपट्टीत, तुरुंगात आणि पोलिसांच्या गोळीपुढे काळ्या-मिश्र लोकांची संख्या जास्त, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत कमी. म्हणून २०१२ साली केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी आणि त्यातला हिस्सा काळ्या, मिश्र व आदिवासी मुलांसाठी राखण्याचा कायदा झाला. आरक्षणावरचे जे वाद आपण पारावर ऐकतो, ते सगळे तिकडेही झाले.

पळून गेलेल्या गुलामांनी रानात वसवलेल्या वस्त्यांना 'किलोंबो' म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध किलोंबो पाल्मारेसचा. तिथला नायक झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला, आणि आता ती तारीख सबंध देशात सुटीची आहे. १९८८ च्या घटनेने किलोंबोंच्या वंशजांना वहिवाटीच्या जमिनीचा हक्क दिला. शंभर वर्षांनी का होईना, चावीला हात लागला. असे वंशज आज सुमारे १३ लाख आहेत. कागद हातात पडायला मात्र वर्षानुवर्षे लागतात.

शहरांतही हाच प्रश्न. १८९७ साली कानुदोसच्या लढाईतून परतलेल्या शिपायांना घरे मिळाली नाहीत, म्हणून ते रिओतल्या एका टेकडीवर झोपड्या बांधून राहिले. लढाईच्या मुलखातल्या टेकडीवरून लोक तिला 'फावेला' म्हणू लागले. आज झोपडपट्टीला तिथे हाच शब्द आहे. २०२२ च्या जनगणनेत अशा वस्त्यांत १ कोटी ६४ लाख लोक आढळले. खाली समुद्रकिनाऱ्यावर श्रीमंतांच्या इमारती, वर टेकडीवर विटांच्या खोल्या. सांबा फुलला तो याच टेकड्यांवर, फुटबॉलचे किती तरी खेळाडू याच गल्ल्यांतून निघाले, आणि अमली पदार्थांच्या टोळ्यांनी वेठीला धरले तेही यांनाच.

भूक आणि तिच्यावरचा इलाज

ईशान्येच्या सेर्तावात १८७७ ते १८७९ असा दुष्काळ पडला, की लाखो माणसे मेली. जोसुए दी कास्त्रो या ईशान्येतल्याच डॉक्टरने १९४६ साली 'भुकेचा भूगोल' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि ठासून सांगितले, की भूक निसर्ग देत नाही, माणसांची व्यवस्था देते. दुष्काळातली कुटुंबे मालमोटारीच्या फळ्यांवर बसून साओ पावलोकडे निघत. १९५२ साली अशाच एका मोटारीतून सात वर्षांचा एक मुलगा आई-भावंडांबरोबर तेरा दिवस प्रवास करून गेला. पुढे तो कारखान्यात कामगार झाला, संघटनेचा पुढारी झाला आणि २००३ साली देशाचा अध्यक्ष झाला. हे लुला दा सिल्वा. २०२२ ची निवडणूक जिंकून ते तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले.

त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत 'बोल्सा फामिलिया' ही योजना आली. गरीब कुटुंबाला दरमहा थोडी रक्कम, तीही बहुधा घरातल्या बाईच्या नावावर. अट एवढीच, की मुले शाळेत गेली पाहिजेत आणि लसी टोचून घेतल्या पाहिजेत. रक्कम लहान, पण चावी पहिल्यांदाच आईच्या हातात. सेर्तावात आणखी एक साधे काम झाले. कौलांवरचे पागोळीचे पाणी पन्हळीने उतरवून दाराशीच १६ हजार लिटरच्या सिमेंटच्या टाकीत साठवायचे. अशा दहा लाखांहून जास्त टाक्या बांधल्या गेल्या. चार मैलांवरून डोक्यावर घागरी आणणाऱ्या बायांचे कष्ट वाचले, आणि पाण्याचा टँकर पाठवून मते मागणाऱ्या पुढाऱ्यांचा भावही उतरला. आपल्या दुष्काळी तालुक्यांनी ही टाकी जरूर पाहावी.

२०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेने ब्राझीलला भुकेच्या नकाशातून वगळले. पण मंदी आली, राजकारण फिरले, योजनांना कात्री लागली, करोना आला. २०२२ मधल्या एका मोठ्या पाहणीत ३ कोटी ३१ लाख लोक उपाशी आढळले आणि देश पुन्हा नकाशावर आला. योजना पुन्हा उभ्या केल्यावर जुलै २०२५ मध्ये तो दुसऱ्यांदा नकाशाबाहेर गेला. या साऱ्या वर्षांत ब्राझीलमध्ये धान्य कमी पिकले असे झाले नाही. म्हणजे कास्त्रो डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते.

पिकते किती, आणि जंगलाचे काय?

पिकण्याच्या बाबतीत मात्र या देशाला सलाम केला पाहिजे. सेराडोची जमीन आंबट, काही न पिकणारी समजली जायची. १९७३ साली सुरू झालेल्या 'एम्ब्रापा' या सरकारी शेती संशोधन संस्थेने चुना घालून जमीन सुधारली, थंड प्रदेशातले सोयाबीन उष्ण हवेत येईल असे वाण तयार केले. आज सोयाबीन, साखर, कॉफी यांत ब्राझील जगात पहिला. तिथल्या उसाला पाऊस कसा झाला, यावर जगातला साखरेचा भाव हलतो आणि त्याची झळ आपल्या कारखान्यांपर्यंत पोहोचते. १९७५ पासून त्यांनी उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालवल्या. २००३ पासून कोणत्याही प्रमाणातल्या मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या आल्या. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असला तर इथेनॉल भरायचे, हा हिशेब तिथला प्रत्येक चालक पंपावर उभ्या उभ्या करतो.

गुरे तर माणसांहून जास्त, २०२२ मध्ये २३ कोटींवर. आणि त्यांतली बहुसंख्य वशिंडाची, म्हणजे आपल्या वंशाची! आंध्रातली ओंगोल तिथे 'नेलोर' झाली, कांकरेजची 'गुझेरा' झाली, आणि सौराष्ट्रातली गीर गाय तिथे एवढी जोपासली गेली, की तिच्या संकरातून झालेल्या 'गिरोलांदो' जातीवर तिथल्या दुधाचा मोठा भार आहे. आपल्या गायीचे चीज परक्यांनी केले, हेही या निमित्ताने मनाशी नोंदवावे.

पण या गुरांना आणि सोयाबीनला जागा लागते, आणि ती जंगलातून येते. सेराडोचा निम्मा माळ नांगरला गेला आहे. ॲमेझॉनमध्ये २००४ या एका वर्षात सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटले. म्हणजे साडेसात गोवे. उपग्रहांनी पाळत ठेवली, दंड झाले, कर्ज अडवले, तेव्हा २०१२ पर्यंत हा आकडा साडेचार हजारांवर आला. राज्यकर्त्यांनी डोळेझाक केली तेव्हा २०२१ मध्ये तो पुन्हा १३ हजारांवर गेला, जवळजवळ अख्खा बेळगाव जिल्हा. पुन्हा कडक धोरण आले आणि २०२५ मध्ये तो सहा हजारांच्या आत आला. जंगल नशिबाने तुटत नाही आणि नशिबाने वाचतही नाही, एवढे या आकड्यांवरून शाळकरी मुलालाही समजेल.

जंगल वाचवू पाहणाऱ्यांनी किंमत मोजली आहे. रबराचा चीक गोळा करणाऱ्यांचा पुढारी शिको मेंडिस झाडे तोडणाऱ्यांपुढे लोकांना उभे करीत असे. त्याला २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरी गावात घरामागेच गोळ्या घातल्या. त्याचे म्हणणे साधे होते. उभे झाड दरवर्षी पोट भरते, तोडलेले एकदाच. आदिवासींची संख्या आता सुमारे १७ लाख आणि भाषा जवळपास तीनशे. त्यातल्या यानोमामी लोकांच्या मुलखात चोरून सोने काढणारे हजारोंनी घुसले, पाऱ्याने नद्या नासवल्या, हिवताप पसरवला. २०२३ च्या जानेवारीत तिथे आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. मुलांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

जंगल दूर उत्तरेला, आपले शेत दक्षिणेला, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना तिथले शास्त्रज्ञ 'उडत्या नद्या' दाखवतात. ॲमेझॉनची झाडे जमिनीतले पाणी ओढून हवेत सोडतात. ती वाफ अँडीजच्या भिंतीला अडून दक्षिणेकडे वळते आणि सेराडो-साओ पावलोच्या पिकांवर पाऊस होऊन पडते. जंगल तोडून सोयाबीन पेरणारा आपल्याच पावसाची मुळे तोडत असतो. २०२३ आणि पुन्हा २०२४ मध्ये मनाऊसला रिओ नेग्रोची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली. जगातल्या सर्वांत भरल्या खोऱ्यात होड्या चिखलात रुतल्या. आणि मे २०२४ मध्ये दक्षिणेतले पोर्तो अलेग्रे शहर पुरात बुडाले.

या सगळ्यात राज्यव्यवस्थाही डळमळत राहिली. १९६४ ते १९८५ लष्कराची सत्ता होती. १९९३ मध्ये महागाई वर्षाला दोन हजार टक्क्यांवर गेली आणि जुलै १९९४ मध्ये 'रेआल' हे नवे चलन आणून ती आवरावी लागली. ८ जानेवारी २०२३ रोजी निवडणूक हरलेल्या बोल्सोनारो यांच्या समर्थकांनी संसद, सर्वोच्च न्यायालय आणि अध्यक्षांच्या कचेरीत घुसून मोडतोड केली. पण लोकशाही टिकली. उठावाच्या कटाबद्दल माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांना २०२५ च्या सप्टेंबरात न्यायालयाने २७ वर्षांची शिक्षा सुनावली.

ब्राझीलला पाहून मला त्याच्या श्रीमंतीचा हेवा वाटला नाही आणि गरिबीची कीवही आली नाही. मनात राहिले ते एवढेच. आपण सतत म्हणतो, पाणी नाही, जमीन नाही, साधने नाहीत. इथे सगळे होते, तरी भूक होती. आणि ती कमी झाली ती नवे कोठार बांधून नव्हे, तर असलेल्या कोठाराची चावी थोडी खाली सरकवून. आईच्या हातात महिन्याची रक्कम, दाराशी पाण्याची टाकी, कसणाऱ्याच्या नावावर जमिनीचा कागद. जिथे हे झाले तिथे माणूस उभा राहिला. जिथे नाही झाले, तिथे भरल्या घरात पोर उपाशी निजले. येत्या एकादशीला खिचडीचा घास घेताना तो कंद पहिल्यांदा रुजवणाऱ्या त्या रानातल्या माणसांची आठवण ठेवू. त्यांच्या जमिनीचा निकाल अजून लागायचा आहे.